सोडियममध्ये Na कुठाय?

पुणे,
१२ जानेवारी १९९७

चि. विभा,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहायची मला हौस नाही.

मार्चअखेर माधवचं तिथलं कंत्राट संपतंय, तुम्ही परत येताय आणि तेजश्रीला इथे नववीत बसवायचंय, एवढं सांगायला तू चार पानं घेतलीस. मध्ये ग्योतोकु स्टेशनाचं वर्णन, तोझाई लाइनची गर्दी, आणि कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा याची साग्रसंगीत माहिती. जपानातल्या कचऱ्याचं वेळापत्रक घेऊन मी इथे काय करू, आरती करू?

तू डब्यांच्या दुकानात भात भरायला जातेस हेही कळलं. कोणाकडून ते विचारू नकोस. बी. कॉम.चा चांगलाच उपयोग केलास.

आता कामाचं. शाळेचा मुख्याध्यापक गुणवंत हा माझा विद्यार्थी. नावावर जाऊ नकोस, ते ठेवताना त्याच्या वडिलांना काही कल्पना नव्हती. पण माझ्यासमोर अजून उभा राहून बोलतो. म्हणाला, "मॅडम, मुलगी जपानी शाळेतली, मराठी धड नाही, इंग्रजी धड नाही. तुम्ही शब्द देत असाल तर नववीत घेतो. नाहीतर सातवीत बसू दे." चौदा वर्षांची घोडी अकरा-बारा वर्षांच्या पोरांत बसवायची म्हणजे शोभा आहे, हे मलाही कळतं. पण शब्द मी असा रस्त्यात वाटत नाही. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंय. माझा भाऊ गेल्यावर माधवला वाढवला तोही भिडेखातर पास करून नव्हे.

तेव्हा सोबत पेपर पाठवते. दहा हॅलाइडांची सूत्रं, बस्स. जिने आयुष्यभर मीठ खाल्लंय तिला यायला हरकत नाही. तू कॉमर्सवाली, म्हणून तुझ्यासाठी सांगते: धातूच्या आयनावर धनप्रभार, हॅलाइडच्या आयनावर एक ऋण. सोडियमचा एक, म्हणून क्लोराइड एक, NaCl. कॅल्शियमचे दोन, म्हणून क्लोराइडं दोन, CaCl₂. सगळ्यांची बेरीज शून्य व्हायला हवी. वाण्याचा हिशेब आहे, तुलाही जमावा. तू मदत करायची नाहीस. केलीस तर मला अक्षरावरून कळेल.

सरिताआत्या

*

ग्योतोकु,
२७ जानेवारी १९९७

ती. आत्या,

नमस्कार. मी मात्र तो दर वेळी लिहिणार, मला वळण आहे.

पेपर सोडवून पाठवते आहे. प्रश्न मराठीत होते म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवले, त्यापलीकडे तोंड उघडलेलं नाही. मी डाळ फोडणीला घातली तेवढ्यात तेजूने संपवला. "कांतान" म्हणाली आणि टीव्ही लावला. कांतान म्हणजे सोप्पं. तिला इथे शाळेनंतर क्लास आहे. तिथल्या मास्तरांनी, ओगावा-सेन्सेईंनी, हा भाग शाळेच्या आधीच घेतलाय. त्यामुळे तुमचा पेपर तिला फार जड गेला असं काही दिसलं नाही, वाईट वाटून घेऊ नका.

डब्यांचं म्हणाल तर हो, भरते. याला इथे बाइतो म्हणतात आणि प्रोफेसरांच्या बायकाही करतात. भात दाबायचा नाही, लोणचं मधोमध ठेवायचं, हे शिकायला मला आठवडा लागला. तुम्हाला एका दिवसात काढून टाकतील.

माधवला या पेपराचं बोललेले नाही. तुमचं पाकीट दिसलं की तो आंघोळीला जातो. मग मी ते वाचून कपाटात ठेवते. पण एक सांगायला हवं, म्हणजे तुम्ही शब्द देताना ध्यानात ठेवाल. कंपनी त्याला ओसाकाला आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायला तयार होती. त्याने डिसेंबरातच नाही म्हणून सांगितलं. तुमचे गुडघे गेलेत, तुम्ही एकट्या राहता, म्हणून. मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर काय उत्तर दिलं असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

नववी झालीच पाहिजे, आत्या. ही पोर वर्गात सगळ्यात उंच आहे. सातवीतल्या पोरांनी तिला पहिल्याच दिवशी काकू म्हणून हाक मारली तर ती परत शाळेत पाऊल टाकणार नाही. माझी पोर आहे, मला माहीत आहे.

तुमची
विभा

*

पुणे,
१० फेब्रुवारी १९९७

चि. विभा,

कांतान! छान शब्द आहे. तपासलेला पेपर सोबत आहे, त्याचं कांतान बघ.

सोडियम क्लोराइड: ClNa. कॅल्शियम क्लोराइड: Cl₂Ca. पोटॅशियम ब्रोमाइड: BrK. ॲल्युमिनियम फ्लोराइड: F₃Al. आठच्या आठ सूत्रं खाली डोकं वर पाय! धन आयन आधी, ऋण आयन नंतर, हे शेंबडं पोरही सांगतं. इतकी वर्षं वर्गात घालवली, नाना तऱ्हेचे दगड पाहिले. कोणी आकडे चुकवायचा, कोणी चिन्हं चुकवायचा. पण आकडे बरोबर, चिन्हं बरोबर आणि क्रम मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटा, हा नमुना मला नवीन आहे. याचा अर्थ एकच. पोरीला ओ की ठो कळलेलं नाही. तू कुठल्यातरी पुस्तकातून उतरवून दिलंस, आणि उतरवताना पुस्तकही उलटं धरलंस.

फेरस क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड ही दोन तर कोरीच. खाली अगाध अक्षरात लिहिलंय, "फेरस तक्त्यात नाही. फेरिक पण नाही." अगं, लोखंड ते! दोन प्रभार असले की फेरस, तीन असले की फेरिक. तक्त्यात नाही म्हणे. तुझ्या स्वयंपाकघरात तवा आहे ना? की तोही भात भरण्याच्या नादात टाकून दिलास, लोखंडाच्या वारी?

मी आठही उत्तरांभोवती लाल गोल काढलेत, म्हणजे डोळ्यांत भरतील. शेवटी शेरा लिहिलाय एका शब्दात, "मठ्ठ". जास्त लिहिण्यासारखं काही नव्हतं.

काल गुणवंतकडे जाऊन आले. सांगितलं, सातवी. तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलंच होतं." त्याला काय वाटलं होतं देव जाणे, याला स्वतःला आठवीत दोन वर्षं काढावी लागली होती. पण या वेळी त्याचं बरोबर निघालं, आणि ते माझ्या तोंडून त्याला ऐकायला मिळालं. याबद्दल मी तुला क्षमा करणार नाही.

सरिताआत्या

*

ग्योतोकु,
२३ फेब्रुवारी १९९७

आत्या,

नमस्कार. आज तो वळण म्हणूनच आहे.

तुमचा पेपर आला तेव्हा मी दुकानात होते. तेजूने पाकीट फोडलं. मी घरी आले तर पोरगी दारातच उड्या मारत होती. पेपर फ्रीजवर चुंबकाने लावलेला. "आई, झेंबु मारु!" म्हणजे सगळ्यांना गोल. तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, पण इथे मास्तर बरोबर उत्तराला लाल गोल काढतात. चुकलं की टिक करतात. तुमचे ठसठशीत गोल बघून तिला वाटलं की सोडवलेल्या आठांना आत्याआजींनी पैकीच्या पैकी दिले. खालचा शब्द तिला लागला नाही, जोडाक्षरापाशी अडली. मला विचारलं, मी म्हटलं नंतर सांगते. दोन दिवस तो पेपर फ्रीजवर होता आणि मी त्याच्यासमोर उभी राहून पोळ्या केल्या. सांगायची माझी छाती झाली नाही.

शेवटी सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "पण मी मागूनच लिहिलंय." मग मी नीट विचारलं. आता तुम्ही नीट वाचा, कारण हे तुमच्या जन्मभराच्या वर्गांत आलेलं नाही.

मिठाला इथे 'एंका नातोरियुमु' म्हणतात. एंका म्हणजे क्लोराइड. नातोरियुमु म्हणजे तुमचं सोडियम. नावात क्लोराइड आधी येतं आणि धातू मागाहून. सूत्र मात्र NaCl, तुमच्यासारखंच. मग मुलांचा गोंधळ होतो. म्हणून ओगावा-सेन्सेईंनी एक नियम घोटून घेतलाय, 'उशिरो कारा'. मागून. नाव मागून वाचायचं आणि सूत्र लिहायचं, की कधी चुकत नाही. माझ्या पोरीने तुमचं 'सोडियम क्लोराइड' ऐकलं आणि नियम पाळला. मागून वाचलं. क्लोराइड, मग सोडियम. ClNa. प्रभार तिला कळतात, बेरीज शून्य करता येते, ती तुम्ही स्वतःच बरोबर दिलीत. तिला कळला नाही तो तुमचा बोलायचा क्रम.

मी मदत केली नाही म्हटलं ते खोटं होतं. केली. तिला सोडियम म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, म्हणून मी चिन्हं सांगितली, सोडियम म्हणजे Na, पोटॅशियम म्हणजे K. तेव्हा ती मला म्हणाली, "आई, सोडियममध्ये Na कुठाय?" मी सोडियम हा शब्द तीनदा म्हणून पाहिला. नाही सापडला. तुम्ही एवढी वर्षं शिकवलंत, तुम्ही सांगा कुठाय. नातोरियुमुमध्ये आहे बघा, अगदी पहिल्या घासाला. कारियुमुमध्ये K आहे. पोटॅशियममध्ये शोधून दाखवा.

आणि तुमचं ते फेरस-फेरिक. इथे लोखंडाच्या नावातच आकडा सांगतात, दोन की तीन. दोन वेगळी नावं लावून लोखंडाचं सोंग आणत नाहीत. तिने तक्ता प्रामाणिकपणे शोधला आणि नाही म्हणून लिहिलं. फेरस आणि लोखंड एकच हे मलाही माहीत नव्हतं, म्हणून मला सांगता आलं नाही. माझ्या तव्याला यात ओढू नका.

ज्या पायांनी गुणवंतकडे सातवी सांगायला गेलात, त्याच पायांनी परत जा. गुडघे दुखतात ते मला माहीत आहे. जा तरीही.

विभा

*

पुणे,
७ मार्च १९९७

विभा,

पत्र दोनदा वाचलं. एकदा राग यायला आणि एकदा समजायला.

Na हे लॅटिन नाट्रियममधून आलं, K हे कॅलियममधून. मला माहीत होतं. वर्गात एका वाक्यात सांगून मी पुढे जायची, कारण ते परीक्षेत येत नसे. सोडियममध्ये Na कुठाय हा प्रश्न मात्र मला एकाही कार्ट्याने कधी विचारला नाही. पोपट सगळे. मी सांगितलं Na, त्यांनी लिहिलं Na. तुझ्या पोरीने विचारला. एवढंच म्हणते, जास्त फुशारू नकोस.

मग रिक्षा करून शाळेत गेले. गुणवंतच्या खोलीत पंखा, कूलर, तीन घड्याळं आणि एक शिपाई नुसता उभा. मी म्हटलं, तेजश्री नववीत बसेल. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर सातवी म्हणालात. मी तसं रजिस्टरला घेतलं." आणि हसला. माझ्यावर! मी म्हटलं, कागद घे. एक सूत्र लिही. 'एंका मागुनेशियुमु'.

तो म्हणाला, "हे कुठलं औषध?" मी म्हटलं, लिही. त्याने चष्मा लावला, शिपायाला बाहेर घालवलं, पेनाचं टोपण चावलं आणि लिहिलं EnMg. मी विचारलं, हे En काय आहे? म्हणतो, "एंका असेल, मॅडम. नवीन मूलद्रव्य निघालं असेल जपानात."

मी म्हटलं, गाढवा, एंका म्हणजे क्लोराइड. मॅग्नेशियम क्लोराइड. MgCl₂. तो म्हणाला, "अहो, मग तसं सांगायचं ना! हे मला येतंय!" मी म्हटलं, येतंय ना? नुसतं नाव दुसऱ्या भाषेत आलं म्हणून तू शून्यावर बसलास. मग आता तुला सातवीत बसवू का? त्या मुलीने परक्या भाषेतली दहा नावं ऐकून आठांचे प्रभार बरोबर मांडलेत. तुला एकाचा मांडता आला नाही. मग रजिस्टर उघड, माझ्यासमोर खोड आणि माझ्यासमोर नववी लिही.

लिहिली. मी अक्षरं वाचून उठले.

तर नववी झाली. जूनपासून शाळा. क्रम मी तिला इथे आल्यावर महिन्याभरात बसवते, काळजी करू नकोस. मागची खोली रिकामी करून घेतली आहे, टेबल खिडकीशी लावलंय. माधवही याच खोलीत शिकला. त्याला तर काहीच येत नव्हतं. रोज संध्याकाळी मठ्ठ मठ्ठ म्हणत, समोर बसवून, संयुजा पाठ करून घेतल्या तेव्हा कुठे इंजिनियर झाला. आज जपान्यांना कॉम्प्युटर शिकवतोय. हे हातातून निघालेलं काम आहे, पोरीचंही निघेल.

विमानाची तारीख कळव.

सरिताआत्या

*

ग्योतोकु,
२१ मार्च १९९७

ती. आत्या,

गुणवंतचं वाचून मी एकटीच हसले. तुम्ही गेलात, भांडलात, लिहून घेतलंत. माझ्या पोरीसाठी एवढं कोणी केलं नसतं. हे मनापासून लिहिते आहे, टोमणा शोधू नका.

पण आम्ही येत नाही आहोत.

तुमचं पत्र यायच्या आदल्या रविवारी तेजू तो पेपर घेऊन माधवकडे गेली. मी सांगत नव्हते ना, म्हणून. "बाबा, म, ठ, ठ. हे काय आहे?" माधव वर्तमानपत्र वाचत होता. त्याने कागद हातात घेतला. तुमचं अक्षर ओळखलं. मी स्वयंपाकघरातून धावत आले, पण तोवर तो बोलला होता. अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ते माझं लहानपणीचं नाव आहे."

तेजूला वाटलं लाडाचं नाव असेल. इतकी खुलली ती. "म्हणजे आत्याआजींनी मला बाबांचं नाव दिलं?"

तो उठून गॅलरीत गेला. वाळलेले कपडे एकेक काढून घड्या घालत बसला, माझे, तिचे, सगळ्यांचे. तो कधी कपड्यांना हात लावत नाही, आत्या. सोमवारी ऑफिसमधून आला आणि म्हणाला, ओसाकाला हो म्हणून सांगितलं.

मग तुमचं पत्र आलं. या वेळी मी ते कपाटात ठेवलं नाही, त्याच्या हातात दिलं. म्हटलं, वाच, नववी मिळाली आहे. गुणवंतच्या En ला तो खो खो हसला. मग शेवटच्या परिच्छेदाशी आला. वाचला. पत्राची घडी घातली आणि म्हणाला, "नववी मिळाली, छान झालं. त्यांना कळव की खोली मोकळी केली ती भाड्याने द्या, सोबत होईल." आणि खोकी बांधायला घेतली.

मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

तुमची
विभा

*

पुणे,
३ एप्रिल १९९७

विभा,

जा ओसाकाला. खुशाल जा. माझं इथे काही अडत नाही. गुडघ्यांची सबब सांगून कोणी यावं इतके ते अजून गेलेले नाहीत. आणि खोली भाड्याने द्या म्हणे! भाडेकरू काय, सोबत म्हणून ठेवतात का? मांजर पाळतात सोबतीला.

गुणवंतकडे जाऊन नाव काढून टाकलं. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि मान खाली घालून नाव खोडलं. त्याचा तो समजूतदारपणा मला थोबाडीत मारल्यासारखा लागला. टेबल खिडकीशीच आहे, हलवायला माणूस मिळत नाही.

मला वाईट वाटलं. एकदा लिहिलं, परत लिहिणार नाही.

माधवला काही निरोप नाही. काय लिहू त्याला? चार कागद फाडले.

पुढचं तेजश्रीला वाचून दाखव. तेजश्री, मी तुला यापुढे पेपर पाठवणार नाही. तू मला पाठव. दहा सूत्रं, जपानी नावांनी, जपानी क्रमाने. नुसती नावं मराठी अक्षरांत लिही, अर्थ सांगू नकोस, मी बाजारात एक शब्दकोश पाहून ठेवलाय. उत्तरं पाठवीन ती तू तपास. गोल काढायचे की टिक करायची ते तुझ्या पद्धतीने. चुकले तर खाली तोच शब्द लाल शाईने लिही. मी तुझ्या वडिलांची आत्या असले तरी सूट द्यायची नाही.

सरिताआत्या

*

ओसाका,
६ जुलै १९९७

आत्याआजी,

नमस्कार. आई म्हणाली हे पत्र तूच लिही, मी बघणार नाही. म्हणून चुका असतील.

तुमची उत्तरं मिळाली. इथला शाळा चांगला आहे. सगळे ओसाकाच्या भाषेत बोलतात, मला पहिल्यांदा काही कळलं नाही, पण आता कळतं.

तुम्हाला दहातले आठ.

'शूका कारियुमु' चुकलं. तुम्ही KCl लिहिलं. शूका म्हणजे ब्रोमाइड. शू म्हणजे घाण वास. ब्रोमीनला घाण वास येतो म्हणून. KBr पाहिजे.

'एंका तेत्सु सान' पण चुकलं. तुम्ही FeCl₂ लिहिलं आणि बाजूला लिहिलं, सान म्हणजे राव, जसं ऑफिसात माधव-सान, म्हणजे हे लोखंडराव, यात आकडा दिलेलाच नाही. आत्याआजी, इथे सान म्हणजे तीन. आकडा दिला आहे. FeCl₃ पाहिजे. बाबांनी लोखंडराव वाचलं आणि चहा सांडला, इतके हसले. आता ते आईच्या तव्याला लोखंडराव म्हणतात.

खाली तुम्ही सांगितलेला शब्द मी लिहिला नाही. त्याचा अर्थ मला आता माहीत आहे. मी ओगावा-सेन्सेई लिहायचे तो लिहिला, 'ओशी'. थोडंसंच चुकलं, जवळजवळ आलं होतं, तेव्हा ते असं लिहायचे. मी लिहीत होते तेव्हा बाबा मागे उभे होते. मी विचारलं, आत्याआजींना चालेल का?

बाबा म्हणाले, "लिही. पण अर्थही लिही. त्यांना तो शब्द माहीत नाही."

तेजश्री